मार्मिक उक्ती कशी घडवावी: कच्च्या निरीक्षणापासून शेवटच्या शब्दापर्यंत

एपिग्राम, म्हणजे एका वाक्यात किंवा दोन ओळींत मावणारी मार्मिक उक्ती, ही ज्याला सुचते त्यालाच सुचते असा सर्वसाधारण समज आहे. सुचतं ते निरीक्षण. उक्ती त्यातून घडवावी लागते आणि ते काम शिकता येतं. कच्चा माल कुठून आणायचा, साचा कसा निवडायचा, मराठी वाक्याची ठेवण कुठे साथ देते आणि कुठे आडवी येते, काय कापायचं आणि तयार झालेली उक्ती टिकेल की नाही हे कसं तपासायचं, हे सगळं इथे क्रमाने मांडलं आहे. उदाहरणांतल्या उक्ती या लेखासाठीच रचलेल्या आहेत, म्हणजे त्या मोडून-जोडून दाखवता येतील.

प्रकाराचा बांधा

ग्रीकांकडे हा प्रकार दगडावरच्या कोरीव लेखातून आला. थडग्यावर किंवा देवाला वाहिलेल्या वस्तूवर चार शब्द कोरायचे असत. कोरायला कष्ट पडत, जागा बेताची असे आणि वाचणारा वाटसरू क्षणभरच थांबे. प्रकाराचा बांधा या अडचणींतूनच ठरला. पुढे त्याचा रूढ छंदही दोन ओळींचाच झाला: पहिली ओळ सहा गणांची, दुसरी पाच गणांची. दुसरी ओळ किंचित आखूड असल्यामुळे बोलणं तिथे मिटल्यासारखं वाटतं. दोह्यातही प्रत्येक ओळ अशीच दुभागलेली असते: १३ मात्रा, मग यती, मग ११ मात्रा. आधी लांब, मग आखूड. गद्य उक्ती लिहितानाही हे प्रमाण कानात ठेवण्यासारखं आहे.

पहिल्या शतकात रोममध्ये मार्शल या कवीने दीड हजाराच्या आसपास एपिग्राम लिहिले आणि शेवटी डंख ठेवण्याची रीत त्याच्यामुळे रुळली. १७७१ मध्ये लेसिंग या जर्मन लेखकाने या रचनेचे दोन भाग वेगळे करून दाखवले: आधी अपेक्षा, मग उलगडा. ही विभागणी दुरुस्तीच्या कामात फार उपयोगी पडते, कारण फसलेल्या उक्तीत बहुतेक वेळा या दोनांपैकी एकच भाग असतो. नुसती अपेक्षा असेल तर ते कोडं होतं. नुसता उलगडा असेल तर ते साधं मत होतं.

शेजारच्या प्रकारांपासून ती वेगळी ओळखता आली पाहिजे. म्हण अनेक तोंडांतून घासून आलेली असते आणि ती कुणा एकाची नसते. सुभाषिताचा कल उपदेशाकडे असतो. चुटक्याला पात्रं आणि प्रसंग लागतो, वात्रटिकेला यमक आणि बहुधा ताजी घडामोड. उक्तीत यांतलं काहीच लागत नाही. तिच्यात निष्कर्ष तेवढा लिहिलेला असतो. त्यामागचा युक्तिवाद वाचक स्वतः भरतो. तो त्याला क्षणात भरता आला की दाद येते. म्हणून उक्ती लिहिणं म्हणजे वाचकासाठी नेमकी एक जागा रिकामी सोडणं. एकही जागा नसेल तर वाक्य सपाट होतं, दोन असतील तर वाचक अडखळतो. पुढचा प्रत्येक टप्पा या एका जागेसाठीच आहे.

कच्चा माल जमवणं

सुरुवात चमकदार वाक्याने करू नका. दोन आठवडे रोज तीन साधी निरीक्षणं लिहा: माणसं काय म्हणतात आणि प्रत्यक्षात काय करतात यातल्या फरकाविषयी. भाषा तक्रारीची चालेल, रटाळ चालेल. विनोद करायचा प्रयत्न मुद्दाम टाळा, कारण विनोद आधी आला की निरीक्षण त्याच्या सोयीने वाकतं आणि मग वाक्य खुसखुशीत पण खोटं निघतं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले तर काम सोपं होतं. डावीकडे ‘दावा’, उजवीकडे ‘वागणं’. डावीकडे लिहिलं, ‘मला वेळ मिळत नाही’. उजवीकडे, ‘वेळ का मिळत नाही हे सविस्तर सांगतो’. जिथे दोन्ही रकाने एकमेकांना छेद देतात, तिथे उक्तीची शक्यता आहे. जिथे ते नुसते वेगळे आहेत, छेद देत नाहीत, ते निरीक्षण लेखासाठी ठेवा. उक्तीला ते पुरणार नाही.

दोन आठवड्यांनी चाळीसेक नोंदी होतील. त्यांतल्या पाच-सहा निवडायच्या. निवडताना एकच चाचणी लावा: या म्हणण्याला छेद देणारी उदाहरणं डोळ्यांसमोर आणा. ती जर सहज आणि भराभर आठवू लागली तर निरीक्षण टाकून द्या. उक्ती शंभर टक्के खरी असावी लागत नाही, थोडी अतिशयोक्ती तिच्या रक्तातच असते. पण ऐकणाऱ्याला स्वतःच्या ओळखीतला निदान एक माणूस लगेच आठवला पाहिजे. तो आठवला नाही, तर पुढची सगळी कारागिरी वाया जाते. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांच्या उक्ती दिसायला सुबक असतात आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाहीत.

एक उक्ती, पाच मसुदे

वरची वेळेची नोंद घेऊन काम कसं होतं ते पाहू. पहिला मसुदा जसा सुचला तसा:

‘काही लोक नेहमी उशिरा येतात. वेळ मिळाला नाही असं सांगतात. पण ते कारण इतकं सविस्तर सांगतात की तेवढ्या वेळात ते वेळेवर पोचले असते.’

तेवीस शब्द. विचार पूर्ण आहे, फार पूर्ण आहे. वाचकाने काढायचा निष्कर्ष आपणच शेवटच्या वाक्यात काढून दिला आहे. आता तीन वाक्यांचं एक करू:

‘उशिरा येणारे लोक वेळ नसल्याचं कारण सांगण्यासाठी भरपूर वेळ खर्च करतात.’

अकरा शब्द झाले, पण डंख ‘भरपूर वेळ’ या शब्दांत आहे आणि ते शेवटी नाहीत. त्यांच्यामागे ‘खर्च करतात’ हे शेपूट लोंबतं. वाचक हसायला लागतो तेव्हा वाक्य अजून संपलेलं नसतं. शिवाय अपेक्षा आणि उलगडा एकाच श्वासात मिसळले आहेत. ते वेगळे करू:

‘उशिरा येणाऱ्याला वेळ नसतो, पण त्याचं कारण सांगायला भरपूर वेळ असतो.’

आता दोन भाग दिसतात. ‘लोक’ जाऊन एकवचन आलं, त्यामुळे समोर एक माणूस उभा राहिला. मात्र ‘पण’ हा शब्द वळण येण्याआधीच वळणाची सूचना देतो. ‘वेळ’ दोनदा आला आहे आणि दुसऱ्या खेपेस तो सांगायची गरज नाही. तो वाचक भरेल. ‘भरपूर’ हे विशेषण वाचकावरचा अविश्वास आहे. तिन्ही काढू:

‘उशिरा येणाऱ्याला वेळ नसतो, कारण सांगायला असतो.’

सात शब्द. कागदावर हे उत्तम दिसतं, पण मोठ्याने वाचलं की घात होतो. स्वल्पविरामानंतर आलेला ‘कारण’ हा शब्द आपल्याकडे सवयीने ‘का की’ या अर्थाने वाचला जातो. वाचक चुकीच्या वाटेला लागतो, मागे येतो आणि तेवढ्यात धार जाते. ही मराठीतली नेहमीची अडचण आहे, म्हणून प्रत्येक उक्तीत अशा दुहेरी शब्दांवर बोट ठेवून पाहावं: ‘कारण’, ‘तर’, ‘की’, ‘ते’, ‘पण’. इथे उपाय सोपा आहे:

‘उशिरा येणाऱ्याला वेळ नसतो, सबब सांगायला मात्र असतो.’

‘सबब’ आल्यामुळे अडखळणं गेलं आणि निवाडाही आत आला. ‘कारण’ खरं असू शकतं. ‘सबब’ या शब्दात ते लंगडं असल्याची जाण आधीच आहे. ‘मात्र’ हा शब्द मी जाणूनबुजून परत घेतला. तो ‘पण’सारखा वळणाच्या तोंडाशी उभा राहत नाही, शेवटच्या शब्दाला निमिषभर थोपवून धरतो. ‘नसतो’ आणि ‘असतो’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि सगळं म्हणणं त्या अक्षरात उतरलं आहे. आठ शब्द. यापुढे कापलं तर अर्थच जाईल.

मराठी वाक्यात शेवटची जागा कशी मिळवायची

डंख शेवटच्या शब्दात असावा, हा नियम जगभर सांगितला जातो. मराठीत तो पाळणं अवघड जातं, कारण आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद असतं आणि बहुतेक वेळा ते ‘आहे’, ‘असतं’, ‘होतं’, ‘करतात’ यांसारखं फिकं असतं. महत्त्वाचा शब्द शेवटून दुसरा राहतो. यावर चार उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे क्रियापद गाळणं. मराठीत दोन समांतर वाक्यांपैकी दुसऱ्यातलं क्रियापद सहज गाळता येतं, वाचकाला उणीव जाणवत नाही. ‘श्रीमंताच्या चुकीला धाडस म्हणतात, गरिबाच्या धाडसाला चूक.’ पहिल्या भागात ‘म्हणतात’ आलं आहे, म्हणून दुसरा भाग ‘चूक’ या शब्दावर धाडकन बंद होतो. तिथे पुन्हा ‘म्हणतात’ लिहून पाहा. धार निम्मी झाल्याचं लगेच कळेल. लक्षात घ्या, दुसरा भाग इथेही आखूड आहे.

दुसरा उपाय म्हणजे वळणच क्रियापदात ठेवणं. वर ‘नसतो–असतो’ने हेच केलं. नकार, शक्यता, काळ हे सगळं मराठी क्रियापदाच्या पोटात बसतं, त्यामुळे ‘येतो’ आणि ‘येईना’ एवढ्या फरकातही उलगडा होऊ शकतो. भाषेची ही ताकद फार थोडे लोक वापरतात.

तिसरा उपाय, शेवट अव्ययाने करणं. ‘त्यांचं भाषण वेळेत संपलं; मुद्दा सुरू होण्याआधीच.’ पूर्ण वाक्य संपल्यावर एक तुकडा जोडला जातो, आणि ‘आधीच’ यातला ‘च’ कुलूप लावतो. हा ‘च’ फार प्रभावी आहे, म्हणूनच एका उक्तीत एकदाच वापरावा. दोन ‘च’ आले की दोघेही एकमेकांचं वजन कमी करतात.

चौथा उपाय म्हणजे शब्दक्रम उलटणं, उदाहरणार्थ ‘हवी असते फक्त दाद’. बोलण्यात हे चालतं, कवितेतही. गद्य उक्तीत मात्र तो नाटकी वाटतो. पहिले तीन उपाय थकल्यावरच त्याच्याकडे जावं.

‘जो–तो’, ‘ज्याला–त्याला’, ‘जितकं–तितकं’ ही जोडी मराठीत आयतीच तयार आहे आणि तिच्यामुळे वाक्य आपोआप दुभागतं. ‘ज्या तोंडाने शपथ खाल्ली, त्याच तोंडाने लाच.’ इथे ती शोभते, कारण दोन्ही भाग खरोखरच एकाच तोंडाला बांधलेले आहेत. पण सवय लागली की प्रत्येक उक्ती ‘जो’ने सुरू होते आणि सगळ्यांना सुवचनाचा वास येऊ लागतो. दहांतल्या दोन-तीन उक्तींपलीकडे ही जोडी नको.

साचे आणि त्यांची तब्येत

साचा निरीक्षणाच्या जातीवरून निवडायचा असतो. साचा आधी ठरवून त्यात काहीतरी कोंबण्याने अर्ध्याहून जास्त उक्ती फसतात.

विरोधाभास तेव्हा वापरा, जेव्हा वागण्यातून उलटा परिणाम होतो. ‘सर्वांशी सहमत असणाऱ्याचं मत कुणालाच माहीत नसतं.’ यात चमत्कार शब्दांचा नाही, परिस्थितीचाच आहे. विरोधाभासाची परीक्षा अशी: वाक्य क्षणभर चुकीचं वाटलं पाहिजे आणि लगेच बरोबर ठरलं पाहिजे. नुसतं चुकीचं वाटून राहिलं तर ते गूढ वाक्य आहे, उक्ती नव्हे.

उलटापालटीचा साचा, म्हणजे क ला ख आणि ख ला क, हा सर्वांत मोहक आणि सर्वांत धोकादायक. वरचं श्रीमंत-गरिबाचं वाक्य याच साच्यातलं. दोन शब्दांची अदलाबदल केली की कोणतंही वाक्य खोल वाटायला लागतं: ‘मौनात शब्द असतात.’ आता उलटं करा: ‘शब्दांत मौन असतं.’ दोन्ही सारखीच गंभीर वाटतात आणि दोन्हींतून काही कळत नाही. ही उलटी चाचणी प्रत्येक उक्तीला लावा. उलटवल्यावर वाक्य स्पष्टपणे खोटं किंवा निरर्थक व्हायला हवं. ‘सबब सांगणाऱ्याला वेळ नसतो, उशिरा यायला असतो’ हे कोलमडतं, म्हणजे मूळ वाक्यात काहीतरी ठाम आहे.

श्लेष करायचा तर दोन्ही अर्थ खरे हवेत. ‘मान मिळाला की मान वाकत नाही.’ प्रतिष्ठा या अर्थाचा ‘मान’ पुल्लिंगी, शरीराचा भाग या अर्थाची ‘मान’ स्त्रीलिंगी; ‘मिळाला’ या क्रियापदाने पहिला अर्थ पक्का होतो, ‘वाकत’ने दुसरा. मराठीतलं लिंग असं श्लेष सोडवायला मदत करतं, वाचकाला अंदाज बांधावा लागत नाही. ‘मत’, ‘वजन’, ‘भाव’, ‘चाल’, ‘पद’ असे कितीतरी शब्द हाताशी आहेत. पण एकच अर्थ खरा आणि दुसरा ओढूनताणून आणलेला असेल तर ती कोटी होते. कोटीला ‘व्वा’ मिळतं, आठवण मिळत नाही. दोन श्लेष एका उक्तीत कधीच नकोत. वाचक पहिला सोडवतो तोवर दुसरा निसटतो.

एकाच क्रियापदाला दोन विजोड कर्मं लावणं हा मराठीसाठी जणू शिवून दिलेला साचा आहे. आपल्याकडे माणूस जेवण खातो, तसाच मार खातो, शपथ खातो, भाव खातो, लाच खातो. मारणे, लावणे, धरणे, सोडणे, काढणे ही क्रियापदंही अशीच. ‘त्याने घर सोडलं, नोकरी सोडली, बढाई सोडायची तेवढी राहिली.’ असे साचे सुचण्यासाठी एका क्रियापदाची पंधरा-वीस कर्मं एका पानावर लिहून काढावीत आणि त्यांतली दूरची दोन शेजारी आणून पाहावीत. इथे मात्र आधी सांगितलेली अट विसरू नका: निरीक्षण वहीत आधीच असलं पाहिजे. नुसती कर्मं जुळवून आलेलं वाक्य तपासल्याशिवाय ठेवू नये.

व्याजस्तुतीत वरून स्तुती आणि आतून टीका असते. भाषणाचं उदाहरण वर आलंच. यात पहिला भाग पूर्ण प्रामाणिक वाटायला हवा. ‘त्यांचं ते सुप्रसिद्ध भाषण एकदाचं वेळेत संपलं’ असं लिहिलं तर ‘एकदाचं’ आधीच डोळा मारतं आणि उलगड्याला काही उरत नाही.

व्याख्येचा साचा सोपा आहे, म्हणून फार वापरला जातो. ‘आठवण: घडलेल्या गोष्टीची सुधारून वाढवलेली आवृत्ती.’ यात गंमत अशी की व्याख्येची भाषा दुसऱ्याच क्षेत्रातून, पुस्तकाच्या प्रकाशनातून, उचलली आहे. व्याख्या लिहिताना असंच करावं: ज्या शब्दाची व्याख्या करायची त्याच्यापासून दूरचं एक क्षेत्र घ्यावं आणि तिथली ठरीव संज्ञा जशीच्या तशी आणावी. ती बदलली की ओळख पटत नाही. ‘बदललेली आणि मोठी केलेली प्रत’ म्हणून पाहा, काहीच उरत नाही.

कापणी

मसुदा तयार झाला की कापायचा. माझा अनुभव सांगतो की मराठीत पहिल्या फेरीत हे शब्द बिनधास्त जाऊ शकतात: खरं तर, मुळात, एक प्रकारे, अनेकदा, बरेचदा, असं म्हणता येईल, आजकाल, माणूस हा. ‘अनेकदा’ आणि ‘बरेचदा’ भीतीपोटी येतात. लिहिणारा आपण सगळ्यांना झोडपत नाही एवढं सांगू पाहतो. ती सावधगिरी लेखात योग्य आहे. उक्तीत ती घालण्याऐवजी कर्ता नेमका करा. ‘लोक अनेकदा’ याच्या जागी ‘उशिरा येणारा’ लिहिलं की सावधगिरी आपोआप आली.

दुसऱ्या फेरीत विशेषणं पाहा. जे नामातच आहे ते विशेषणात नको: ‘खोटी सबब’, ‘पोकळ बढाई’. तिसऱ्या फेरीत नामं बदला. दोन शब्दांचं काम करणारा एक शब्द मराठीत पुष्कळ वेळा देशी किंवा बोलीतला निघतो. संस्कृत शब्द भारदस्त असतात पण लांब असतात. उलट ज्या शब्दाला मुद्दाम भारदस्त ठेवून पाडायचं आहे, तो तत्समच हवा. पहिल्या भागात ‘प्रतिष्ठा’ आणि शेवटी ‘मिशा’ आल्या तर ती घसरण स्वतःच अर्थ सांगते.

गद्य उक्ती सहा ते पंधरा शब्दांत बसावी. सहापेक्षा कमी शब्दांत अपेक्षा उभी राहायला वेळ मिळत नाही. पंधराच्या पुढे गेली की एका श्वासात म्हणता येत नाही, आणि एका श्वासात न म्हणता येणारी उक्ती कुणी दुसऱ्याला सांगत नाही. ओळींत लिहायची असेल तर अनुष्टुभाचं माप डोळ्यांसमोर ठेवा: आठ अक्षरांचे चार चरण, एकूण ३२ अक्षरं. तेवढ्यात संस्कृतातली असंख्य सुभाषितं पुरी मावली आहेत.

नादाकडेही पाहायचं, पण शेवटी. अनुप्रास दोन ठिकाणी शोभतो, तिसऱ्या ठिकाणी तो जाहिरातीसारखा वाटतो. यमक असेल तर ते अर्थाच्या जोडीवर पडलं पाहिजे, नुसत्या प्रत्ययांवर नाही; ‘करतात–मरतात’ असं यमक कानाला स्वस्त लागतं.

तपासणी

दोन दिवस उक्तीकडे पाहू नका. मग ती एका माणसाला सांगा, प्रस्तावना न करता आणि नंतर समजावून न सांगता. त्याची नजर किंवा हसू नेमकं कोणत्या शब्दावर बदललं ते बघा. शेवटच्या शब्दाआधीच बदललं असेल तर उलगडा लवकर फुटला आहे. मागचे शब्द कापा किंवा पुढे हलवा. शब्द संपून दोन-तीन सेकंदांनी बदललं तर रिकामी जागा मोठी झाली आहे. पहिल्या भागात एक खूण जास्त हवी.

दुसरी चाचणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला ती उक्ती आठवून सांगायला लावा. जे शब्द त्याने गाळले ते बहुधा जादा होते. जे शब्द त्याने बदलले तिथे तुमचा शब्द बोलीला परका होता. पुष्कळदा त्याने सांगितलेली आवृत्तीच मूळ उक्तीपेक्षा बरी असते, आणि तशी ती असेल तर ती निमूटपणे स्वीकारावी. म्हणी नेमक्या याच वाटेने घडल्या.

मग जुनेपणाची तपासणी करा. माणसाचे स्वभावदोष मोजके आहेत आणि दोन हजार वर्षं लोक त्यांवर लिहीत आहेत. वाचलेलं वाक्य वर्षांनी आपलं म्हणून सुचणं सहज घडतं. उक्ती अवतरणचिन्हांत आणि मग दोन-तीन मुख्य शब्दांनी शोधा, मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीतही. हात लावण्याआधीच गुळगुळीत आलेलं वाक्य दिसलं तर संशय जास्त घ्या. विचार जुना निघाला तरी हरकत नाही, रचना तुमची हवी. रचनाही दुसऱ्याची निघाली तर त्याच्या नावाने वापरा किंवा सोडून द्या. उलट प्रकारही जपा: गाजलेल्या नावांवर न बोललेली वाक्यं खपवली जातात, तेव्हा मूळ ग्रंथातली जागा सापडल्याशिवाय कुणाचंही नाव जोडू नये.

कुठे बिघडतं

लक्ष्य चुकणं हा सर्वांत गंभीर बिघाड. उक्ती वागण्यावर असावी. जन्म, रूप, व्यंग, गरिबी यांवर केलेली उक्ती चतुर वाटली तरी ती निरीक्षण नसते. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून बसलेल्या ग्रहाला तिने फक्त हात दिलेला असतो. म्हणून तिच्यात रिकामी जागाच नसते. चाचणी अशी: ज्याच्यावर उक्ती आहे त्याला ती ऐकून ‘हे मी करतो’ असं वाटेल का? उशिरा येणाऱ्याला ते वाटतं, आणि तो वागणं बदलूही शकतो. जिथे बदलण्यासारखं काही नाही तिथे उक्तीचं काम नाही.

दोन वळणं हा दुसरा बिघाड. ‘उशिरा येणाऱ्याला वेळ नसतो, सबब सांगायला असतो, आणि ऐकणाऱ्यालाही नसतो.’ तिसरा तुकडा खरा आहे, गंमतीचाही आहे. पण तो आला की दुसरा मरतो. तो वेगळ्या उक्तीसाठी ठेवा.

उक्तीमागोमाग स्पष्टीकरण देण्याचा मोह लेख लिहिताना फार होतो. ‘म्हणजेच’ने सुरू होणारं पुढचं वाक्य काढा. स्पष्टीकरणाशिवाय कळत नसेल तर उक्तीच दुरुस्त करायला हवी.

चालू नावांवर रचलेली उक्ती त्या नावाबरोबर विरते. मार्शलने पुष्कळशा उक्तींत बनावट नावं घातली, त्यामुळे माणसं गेली तरी स्वभाव उरले. त्या आजही टिप्पणीशिवाय कळतात. ज्यांत त्या काळचे संदर्भ गुंतले आहेत त्यांना तळटीप लागते.

लेखात आणि बोलण्यात

लेखात उक्तीची जागा परिच्छेदाच्या सुरुवातीला किंवा शेवटी. मध्ये पुरलेली उक्ती वाचली जात नाही. तिच्या आधीचं वाक्य मुद्दाम साधं ठेवा, उपमा-अलंकार नसलेलं. हजार शब्दांच्या लेखात दोन उक्ती पुरतात. चार झाल्या की वाचक विषय सोडून पुढच्या चमकेची वाट पाहू लागतो.

बोलताना शेवटच्या शब्दाआधी अगदी लहान विराम घ्या आणि शेवटचा शब्द आवाज न चढवता म्हणा. मराठीत वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप पडतो आणि शेवटचं अक्षर गिळलं जातं. ‘असतो’मधला ‘तो’ ऐकू गेला नाही तर उक्ती गेली, म्हणून ते अक्षर पूर्ण उच्चारण्याचा सराव करावा.

हजरजबाबी उत्तरासाठी वेगळी रीत आहे. तिथे घडवायला वेळ नसतो, तेव्हा शब्द समोरच्याकडूनच घ्यायचा. त्याच्या वाक्यातलं सर्वांत ठोस नाम पकडायचं आणि त्यालाच नवं क्रियापद किंवा नवा मालक द्यायचा. कुणी म्हणालं, ‘मी काय ते तोंडावर बोलतो.’ त्यावर उत्तर: ‘हो, तोंड मात्र दुसऱ्याचं निवडता.’ ‘तोंड’ त्याचंच, ‘दुसऱ्याचं’ तेवढं आपलं. पकडायला असं नाम सापडलं नाही, किंवा सापडेपर्यंत बोलणं पुढच्या विषयावर गेलं, तर गप्प राहावं आणि ते वाक्य रात्री वहीच्या डाव्या रकान्यात लिहून ठेवावं.